पुतळ्यांच्या माळेचा इतिहास

आमच्या देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी एक लहानशी पितळी डबी आहे. तीत सोन्याची एकच पुतळी आहे. आकाराने ती आजच्या रुपयाहून किंचित लहान, जाडीने पातळ, आणि तिचे वरचे नाके तुटलेले आहे. नाके तुटल्यामुळे ती माळेतून वेगळी काढून ठेवली होती, आणि माळेत नव्हती म्हणूनच ती आज शिल्लक आहे. तिच्या बरोबरच्या अठरा पुतळ्या २०११ साली, माझ्या थोरल्या कन्येच्या विवाहाच्या वेळी, मुशीत गेल्या. त्या मी स्वतःच्या हाताने सोनाराच्या तराजूत घातल्या.

हे सांगताना संकोच वाटतो, याचे कारण माझी नोकरी. राज्य शासनाच्या जिल्हा कोषालयांत माझी सेवा झाली. दुहेरी कुलपाच्या तिजोरीत न्यायालयांची व पोलिसांची मोहोरबंद पाकिटे असत. एक किल्ली अधिकाऱ्याकडे व दुसरी खजिनदाराकडे राही. वर्षांमागून वर्षे मी ती पाकिटे मोजली, लाखेचे शिक्के तपासले, नोंदवहीवर स्वाक्षऱ्या केल्या. दुसऱ्याच्या पुडीतील एका मणीची नोंद चुकू न देणाऱ्या माणसाने घरच्या अठरा नाण्यांची एका ओळीचीही नोंद केली नाही. सोनाराने दिलेल्या चिठ्ठीवर काय ते वजन, कस आणि घट. त्यांवर काय कोरले होते, हे चिठ्ठीत नव्हते आणि मीही विचारले नाही. आई त्या वेळी म्हणाली होती, "सोनं कुठं जातंय? घाट बदलतोय इतकंच." त्या वेळी ते मला पटले. पुढे सेवानिवृत्तीनंतर मुंबईतील एका संग्रहालयात काचेमागे अगदी तशीच पुतळी पाहिली, खालची पाटी वाचली, आणि आईचे वाक्य अर्धेच खरे होते हे कळले. उरलेले अर्धे या लेखाचा विषय आहे.

आपल्यापैकी बहुतेक जुन्या घरांत पुतळ्यांची माळ असे किंवा असल्याची आठवण तरी असते. इंदूर, ग्वाल्हेर, देवास, धार, बडोदे, हैदराबाद अशा ठिकाणी स्थिरावलेल्या मंडळींना ती विशेष जवळची. मूळ गावचे वतन आणि वाडा गावीच राहिला, पण पुतळ्या मात्र सुनांच्या गळ्यांतून बरोबर आल्या. आमच्या घरी आजी ती माळ संक्रांतीला आणि चैत्रागौरीच्या हळदीकुंकवाला घाली. पुतळीवर एक उभी आकृती, तिच्यासमोर गुडघे टेकलेली दुसरी, आणि दोघांमध्ये एक ध्वज आहे. आजी सांगे, उभा तो राम आणि वाकलेला तो मारुती. उलट बाजूस ताऱ्यांच्या लांबट प्रभावळीत एक देव उभा आहे. त्याला ती विठोबा म्हणे. अक्षरे होती, पण ती कोणत्या लिपीतली हे कोणी पाहिले नव्हते.

ती अक्षरे रोमन लिपीतील आणि भाषा लॅटिन आहे. उभी आकृती सेंट मार्क यांची, म्हणजे व्हेनिस नगराच्या संरक्षक संताची. गुडघे टेकलेला पुरुष हा व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निर्वाचित प्रमुख, ज्याला तिकडे डोज म्हणत. संत त्याच्या हाती ध्वज देत आहेत. प्रभावळीतील देव म्हणजे येशू ख्रिस्त. भोवतीच्या लॅटिन मजकुराचा आशय असा, की हे प्रभो, ज्या राज्यावर तुझी सत्ता आहे ते तुलाच अर्पण असो. आमच्या देवघरात ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हळदकुंकू लागले ते सेंट मार्क होते. यात कोणाच्याही श्रद्धेला उणेपणा येत नाही असे मला वाटते. आजीला देव दिसला, तो तिथे होताच, फक्त नाव वेगळे होते.

हे नाणे म्हणजे व्हेनिसचा डुकाट. तो प्रथम १२८४ साली पाडण्यात आला आणि १७९७ साली नेपोलियनच्या हातून ते प्रजासत्ताक संपेपर्यंत पाडला जात राहिला. या पाचशे वर्षांहून अधिक काळात त्याचे वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास टिकले, सोने जवळजवळ शंभर नंबरी राहिले आणि चित्रही तेच राहिले. बदले ते फक्त डोजचे नाव. जगाच्या बाजारात एवढा काळ इतका भरवशाचा राहिलेला पैसा विरळा. युरोपाला हिंदुस्थानचे मिरे, कापड आणि नीळ हवी होती, परंतु त्या बदल्यात देण्याजोगा माल त्यांच्याजवळ थोडा होता. म्हणून सोने व रुपे वाहत आले. व्हेनिसहून अलेक्झांड्रिया, कैरो, तांबडा समुद्र, जेद्दा आणि मोखा, तेथून सुरत, कोकणपट्टी व मलबार अशी ही वाट होती. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल बसला, तरी तांबड्या समुद्राची वाट बंद पडली नाही आणि डुकाटही थांबला नाही.

नावांचाही इतिहास गमतीचा आहे. या नाण्याला इटालियन भाषेत झेक्किनो हे नाव पडले, ते टांकसाळ या अर्थाच्या झेक्का या शब्दावरून, आणि झेक्का हा शब्द अरबी सिक्का या शब्दापासून आलेला. आपला 'शिक्का' त्याच घराण्यातला. झेक्किनोचे इंग्रजीत सिक्विन झाले आणि पुढे त्या शब्दाचा अर्थ कपड्यावर शिवायची चमकती टिकली असा झाला. म्हणजे नाण्याचा अलंकार होण्याची गोष्ट एका परक्या भाषेनेही आपल्या पोटात जपून ठेवली आहे. आपल्याकडे नाण्यावर मानवी आकृती होत्या म्हणून त्याला पुतळी म्हटले. पेशवेकालीन हिशेबांत होन, मोहोर आणि पुतळी ही नावे शेजारी शेजारी येतात, आणि मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही पुतळीचा हा अर्थ नोंदलेला आहे. तमिळ प्रदेशात याच नाण्याला शाणार काशु म्हणत. शाणार म्हणजे ताडी काढणारा. संत, डोज आणि मधला ध्वजदंड यांत तिथल्या लोकांना ताडावर चढणारा माणूस दिसला. आजीला मारुती दिसला तसाच हा प्रकार.

परंतु नाणे गळ्यात घालण्याची रीत व्हेनिसहून फार जुनी आहे. ऋग्वेदात निष्क हा शब्द गळ्यातील सोन्याच्या अलंकारासाठी येतो आणि रुद्राच्या वर्णनातही तो आहे. पाणिनीच्या काळापर्यंत तोच शब्द मूल्य मोजण्याच्या परिमाणासाठी वापरात आला होता. म्हणजे आपल्या भाषेत अलंकार आधी आणि पैसा मागाहून. सोन्याचा तुकडा आधी गळ्यात शोभला आणि मग बाजारात गेला, असा या शब्दाचा प्रवास दिसतो. पुढील दोन हजार वर्षे नाण्याने हीच वाट उलट्या दिशेने पुनःपुन्हा चालून दाखवली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमचे सोने याच कारणाने आले ज्या कारणाने पुढे व्हेनिसचे आले. रोमन लेखक प्लिनी याने तक्रार केली आहे, की हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. 'पेरिप्लस' या त्याच शतकातील प्रवासग्रंथात भडोच बंदरात सोन्यारुप्याची रोमन नाणी येतात व स्थानिक चलनाशी त्यांचा फायदेशीर बदला होतो, अशी नोंद आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या पेठांची नावे आहेत. सातवाहनांची स्वतःची नाणी शिसे, तांबे, पोटीन आणि रुपे यांची होती. सोन्याचा पैसा लोकांना ठाऊक नव्हता असे मात्र नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात ७०,००० कार्षापणांची रक्कम २,००० सुवर्णांच्या बरोबरीची धरली आहे, म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण असा दर झाला. पण रोजच्या व्यवहारात सोन्याच्या नाण्याला इथे फारसे काम नव्हते. असे नाणे गाठीला लागले, की ते साठ्यात तरी जाई किंवा अंगावर तरी येई.

याचे दोन वेगळे पुरावे आहेत. दक्षिणेत पुदुक्कोट्टई येथे १८९८ साली रोमन सोन्याच्या ५०१ नाण्यांचा साठा सापडला. त्यांतील बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा आडवा घाव आहे. चलन म्हणून ते रद्द केले आणि पुढे केवळ सोने म्हणून त्याचा हिशेब ठेवला, असा त्याचा अर्थ लावतात. दुसरीकडे आंध्र-तेलंगणाच्या बाजूस मिळालेल्या पुष्कळ रोमन सुवर्णनाण्यांना नाके जोडलेले आहे किंवा सम्राटाच्या डोक्याच्या वर दोन बारीक भोके आहेत. भोके डोक्याच्या वर पाडली, याचा अर्थ गळ्यात चेहरा सरळ दिसावा याची कोणी काळजी घेतली. एका जागी घाव आणि दुसऱ्या जागी भोक, पण दोन्ही हात सोने ओळखणाऱ्यांचेच. एवढेच की दुसऱ्या हाताने चित्राला जागा दिली.

आणि ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांचे काय? त्याचे उत्तर तेर येथे मिळते. धाराशिव जिल्ह्यातील या गावी आणि तेलंगणातील कोंडापूर येथे भाजलेल्या मातीची पदके सापडली आहेत. ती रोमन नाण्यांवरून घडवलेली असून गळ्यात अडकवण्यासाठी त्यांना नाके किंवा भोक आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या व्यापारी पेठेचे अवशेष पाहायला मिळतात. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या एखाद्या बाईने परक्या सम्राटाचे मातीचे मुखवटे गळ्यात घातले असतील, तर त्यामागे शेजारणीच्या गळ्यातील सोन्याची माळ असणार. आजच्या एक ग्रॅम सोन्याच्या दागिन्यांना आपण नाके मुरडतो, परंतु त्यांची वंशावळ अशी लांब आहे.

कुषाण राजा विम कडफिसेस याने सुमारे आठ ग्रॅमची सोन्याची नाणी पाडली, आणि त्याच्या वारसांची व पुढे गुप्त सम्राटांची अनेक नाणी आज नाक्यासह किंवा नाके काढल्याच्या खुणेसह मिळतात. गुप्तांचा काळ तर आपल्या माळव्याच्या मातीत आहेच. निमाडातील बमनाला येथे १९४० साली गुप्तांची सोन्याची एकवीस नाणी सापडली होती. देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक हे वाटीसारखे खोलगट, मधोमध कमळ असलेले नाणे. त्यावर सिंघण, कृष्ण, महादेव, रामचंद्र ही नावे येतात. विजयनगरचा होन दक्षिणेतील सर्व राज्यांत चालला. १६७४ साली राज्याभिषेकप्रसंगी शिवछत्रपतींनी सोन्याचा होन पाडला. त्याच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' ही अक्षरे आहेत. तांब्याची शिवराई गावोगाव मिळते, पण हा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. मुघलांची मोहोर सुमारे अकरा ग्रॅमची. अकबराच्या शेवटच्या वर्षांत पाडलेल्या अर्ध्या मोहोरेवर धनुर्धारी राम व सीता आहेत आणि नागरीत 'राम सीय' अशी अक्षरे आहेत. जहांगिराने राशींची चित्रे घातलेल्या मोहोरा पाडल्या. त्यांतील कित्येक नाण्यांच्या कडेवर आज कोंदणाच्या किंवा नाक्याच्या खुणा दिसतात. इंग्रजी अमलात गिन्नीची माळ आली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईच्या टांकसाळीत इंग्लंडची सॉव्हरिन पाडण्यात आली, आणि त्याच वर्षी पंधरा रुपयांची सोन्याची मोहोरही निघाली. राज्ये बदलली, पण नाके लावणारा सोनार तोच राहिला.

नाण्याचाच दागिना का, याचे उत्तर मला तिजोरीच्या कामात आपोआप मिळाले होते. नाण्याचा कस टांकसाळीने ठरवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक वेळी कसोटीवर घासावे लागत नाही. नाणी मोजता येतात, म्हणून वाटणी सोपी. गरज पडली तर सबंध माळ न मोडता एक पुतळी काढून देता येते. दुष्काळाला एक, आजारपणाला एक, मुलाच्या शिक्षणाला दोन, अशी माळ आखूड होत जाते आणि बरे दिवस आले की पुन्हा लांबते. कल्याणीच्या चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, तीत स्त्रीधनाचा अर्थ मोठा व्यापक धरला आहे. शास्त्राने काय दिले आणि घराने काय राहू दिले यांत अंतर असेल. पण ज्या बाईच्या नावाने सातबाराचा उतारा नव्हता आणि बँकेचे पुस्तकही नव्हते, तिच्या गळ्यातील अठरा पुतळ्या हेच तिचे खाते होते. शिल्लक किती हे तिला बोटांनी कळे.

घडणीचे तंत्रही साधे आणि शहाणे होते. नाण्याच्या वरच्या कडेला सोन्याचे नाके डाकाने जोडत. डाक लावण्यासाठी कमी कसाचे सोने लागते, म्हणून मोडीच्या वेळी सोनार घट धरतो. मग पटवेकरी त्या पुतळ्या रेशमी गोफात ओवी, दोन पुतळ्यांमध्ये रेशमाची गाठ किंवा मणी घाली, म्हणजे नाण्यावर नाणे घासून झिजत नसे. शंभर नंबरी सोने मऊ असते. तरीही रोजच्या वापराने संतांचे चेहरे पुसट होत. खऱ्या डुकाटांची मागणी एवढी होती, की इथल्या सोनारांनीही तशाच पुतळ्या घडवल्या. अशा देशी पुतळ्यांवर आकृती साधारण तशाच, पण अक्षरे मोडकी किंवा निव्वळ रेघा. ठसा उमटवणाऱ्याला ती लिपी येत नव्हती, हे त्यावरून कळते. पुढे पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या, लक्ष्मीच्या किंवा राम-सीतेच्या पुतळ्या आल्या. आज दुकानांत पुतळीहार म्हणून मिळतो तो बहुतेक असाच. तो सुंदर असतो, परंतु त्यातल्या चकत्या कधी कोणत्या बाजारात चालल्या नव्हत्या.

आता डबीतल्या पुतळीकडे पुन्हा वळतो. संग्रहालयातून परतल्यावर मी भिंग घेऊन बसलो. डोजच्या पाठीमागे उभ्या ओळीत पॉल रायनर अशी अक्षरे लागली. अक्षरे स्वच्छ आहेत, मोडकी नाहीत. हा पाओलो रेनिएर. १७७९ ते १७८९ या काळात तो व्हेनिसचा डोज होता. त्याच्या मागून एकच डोज झाला आणि प्रजासत्ताक संपले. ज्या दहा वर्षांत हे नाणे टांकसाळीतून बाहेर पडले, त्याच दहा वर्षांत महेश्वरी अहिल्याबाईंचा कारभार चालू होता, १७८२ साली सालबाईचा तह झाला, उत्तरेत महादजी शिंद्यांचा दबदबा होता आणि पुण्यात नाना फडणीस सूत्रे हलवीत होते. त्या धामधुमीत व्हेनिसचा एक पैसा समुद्र ओलांडून आला, कोण्या सराफाच्या पेढीवरून कोण्या सोनाराकडे गेला आणि आमच्या घराण्यातील कोणा सुनेच्या गळ्यात आला. तिचे नाव मला ठाऊक नाही, पण तिने जपलेल्या नाण्यावरचे डोजचे नाव मला आज वाचता येते.

आणि इथेच मला माझी चूक नीट समजली. एका पुतळीने एवढे सांगितले, तर अठरांनी किती सांगितले असते? त्यांपैकी किती व्हेनिसच्या आणि किती इथल्या सोनारांच्या? सर्वांत जुना डोज कोणता? माळ एकदम घडवली, की पिढ्यापिढ्यांनी एकेक पुतळी वाढवत नेली? डोजांची नावे सालवार लावली असती, तर आमच्या घराच्या सुबत्तेचा आणि अडचणींचा आलेख निघाला असता. घराण्याचे कागद वाड्याच्या गळतीत गेले, पण ही सोन्याची वही शाबूत होती. ती मी न वाचता विस्तवात घातली. सोने कुठेही गेले नाही, हे आईचे म्हणणे खरेच होते. ते कन्येच्या हारात आहे, आणि तो हार बँकेच्या लॉकरमध्ये आहे. जे गेले त्याला वजन नव्हते, म्हणून ते सोनाराच्या चिठ्ठीत आले नाही.

ही चूक माझ्या एकट्याची नाही, एवढे म्हणून समाधान मानता येत नाही, पण ती जुनी आहे हे खरे. १९४६ साली भरतपूर संस्थानातील बयाना येथे गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा आजवरचा सर्वांत मोठा साठा मिळाला. मूळची नाणी सुमारे २,१०० असावीत. अधिकाऱ्यांच्या हाती आली ती १,८२१. उरलेल्यांतील बरीचशी मिळाल्यावर लगेच आटली गेली होती. जी वाचली त्यांची सूची आपल्या कोल्हापूरकडचे थोर विद्वान डॉ. अनंत सदाशिव आळतेकर यांनी केली आणि ती १९५४ साली प्रसिद्ध झाली. गुप्तांच्या नाण्यांविषयी आज जे निश्चित सांगता येते, त्याचा मोठा भाग त्या सूचीवर उभा आहे. आटलेल्या नाण्यांत एखादा अज्ञात प्रकार होता की नव्हता, हे आळतेकरांनाही सांगता येण्याजोगे नव्हते.

कायद्याने या गोष्टींकडे आपल्या परीने पाहिले आहे. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि शासनाला ते घ्यायचे असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देऊन घेता येते. वस्तूची किंमत धातूहून अधिक असते, हे त्या एका पंचमांशाने तरी मान्य केले होते. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने आणि मागाहून आलेल्या १९६८ च्या अधिनियमाने घराघरांत धास्ती निर्माण केली. त्या अधिनियमात दागिना वेगळा आणि 'वस्तू' वेगळी, आणि सोन्याचे नाणे 'वस्तू'त मोडत असे. ढोबळमानाने सांगायचे तर नाके लावले की दागिना, आणि काढले की वस्तू. १९९० साली तो अधिनियम रद्द झाला. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती परदेशी नेण्यास बंदी आहे. मुले-नातवंडे अमेरिकेत वा युरोपात असलेल्या कुटुंबांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे.

पण घरातली माळ मोडू नये, असे कोणताही कायदा सांगत नाही, आणि मीही तसे सांगणार नाही. गरज ही गरज असते. ती माळ मुळात गरजेसाठीच होती, आणि वेळेला तिने धावून यावे हाच तिचा धर्म. मुलीच्या लग्नात आजीची माळ मोडली म्हणून कोणास दोष देण्याचा अधिकार मला तर नाहीच. माझे म्हणणे एवढेच, की मोडण्यापूर्वी वाचावी.

त्यासाठी फार काही लागत नाही. दिवसाच्या उजेडात प्रत्येक नाणे दोन्ही बाजूंनी पाहावे, मोबाईलवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी पट्टी ठेवून आकार कळेल असे करावे. प्रत्येकाचे वजन वेगळे लिहावे. अक्षरे लागली नाहीत तरी जशी दिसतात तशी उतरवावीत. माळ कोणाची, कोणत्या गावाहून आली, कोणत्या प्रसंगी कोणी घातली, हे घरातील वडीलधाऱ्या बायकांना विचारून सन-तारखेसह टिपून ठेवावे. पुरुषांना हे बहुधा ठाऊक नसते. नाणी चिंचेने किंवा पावडरीने घासू नयेत. नाके काढून 'शुद्ध नाणे' करण्याच्या फंदात पडू नये. संग्राहक नाके लावलेल्या नाण्याला कमी दर देतात हे खरे, पण इतिहासाच्या दृष्टीने ते नाके हाच पुरावा आहे. टांकसाळीने नाणे कधी पाडले ते अक्षरे सांगतात, आणि आपल्या माणसांनी त्याचे काय केले ते नाके सांगते. एखादे नाणे विशेष वाटले, तर जवळच्या संग्रहालयातील किंवा विद्यापीठातील जाणकाराला दाखवावे. एवढे झाले, की मग माळ ठेवावी, वाटावी किंवा मोडावी, तो घराचा प्रश्न.

मागच्या दिवाळीत धाकट्या कन्येने परदेशातून दूरध्वनीवर विचारले, की डबीतली पुतळी तिच्या मुलीसाठी देता येईल का. मी तिला कायदा समजावून सांगितला. ती थोडी हिरमुसली. मग मी एक जाड कागदाची वही घेतली, कोषालयातल्यासारखे रकाने आखले आणि पहिल्या पानावर लिहिले : पुतळी, नग एक. पाओलो रेनिएर, व्हेनिस, १७७९ ते १७८९. नाके तुटलेले. खाली दोन्ही बाजूंची छायाचित्रे चिकटवली आणि आजीची आठवण लिहिली, उभा राम आणि वाकलेला मारुती. त्याच्या पुढच्या पानावर नग अठरा असे लिहून बाकीचे रकाने कोरे सोडले आहेत. त्या पानाची प्रत नातीला पाठवली आहे. तिने विचारले, हे पान रिकामे का? तिच्या आईने तिला काय सांगितले ते मला माहीत नाही. ती उन्हाळ्यात येणार आहे, तेव्हा मीच सांगेन.